एकदाच येणारी हाक

मी एक कॉलबॅक फंक्शन बोलतोय, हाक आली की चालणारा प्रोग्रॅमचा तुकडा. नाव जड असलं तरी जीव लहान, चार ओळींचा. ताईने मला लिहिलं आणि फोटो पाठवणाऱ्या एका लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार कोडला, बजावून ठेवलं, की समोरच्याशी जोडणी करण्याआधी याला हाक मार. हाक आली की मी रुग्णालयाच्या संगणकाची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लायब्ररीच्या हातात ठेवायचो आणि सांगायचो, समोरचा हाच असेल तर फोटो दे, नाहीतर दार लाव.

फोटो म्हणजे एक्स-रे. ताईचा धाकटा भाऊ ते खालच्या मजल्यावर काढतो आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना पाठवतो.

माझ्या पाठोपाठ ताईने आणखी एक फंक्शन लिहिलं, किती टक्के गेलं ते सांगणारं. मला फोटोमागे एकदाच हाक, त्याला सेकंदाला दहादा. पडद्यावर सरकते ती हिरवी पट्टी त्याची. भाऊ तिच्याकडे टक लावून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, हे भारी केलंस हं." मी आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू? पुढे पुढे करणाऱ्याचे लाड, आणि दार राखणारा कुणाच्या खिजगणतीत नाही.

एका गुरुवारी रुग्णालयाने प्रमाणपत्र बदललं. माझ्याकडे जुनंच होतं, म्हणून मी दार लावलं. पट्टी शून्यावर अडकली. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

"ताई, हे हलतच नाहीये. बाहेर मनगट मोडलेल्या आजी बसल्यात."

"नवीन प्रमाणपत्र सोमवारी पाठवतो म्हणालेत ते."

"तोवर आजींनी काय हात धरून बसायचं? ते तपासणं काढून टाक ना."

ताई घुटमळली. मग तिने माझ्या ओळी खोडल्या आणि दुसरी एकच लिहिली: कुणीही असो, चालेल. वर टीप टाकली: तात्पुरतं, सोमवारी पूर्ववत करणे. आजींचा फोटो गेला.

याला अकरा महिने झाले. नवं प्रमाणपत्र त्या सोमवारी आलंही, ते ताईच्या मेलमध्ये पडून आहे. पट्टी सरकतेय म्हटल्यावर कोण बघतो?

त्या पट्टीवाल्याचा हेवा अजून वाटतो, पण आता कारण वेगळं आहे. तो सांगतो ते निदान खरं असतं. ताई, कौतुक त्याचंच कर, माझ्या ओळी तेवढ्या परत दे. आज सकाळीही एक फोटो गेला. पट्टीवाला म्हणाला, शंभर टक्के. कुणाकडे गेला ते मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.