कंथकाचे चार बूट

प्रेमिलाबाईंनी चौथ्या बुटाच्या टाचेवर ब्रश टेकवला, आणि तेवढ्यात पहिल्या बुटाच्या घोट्यापाशी पांढऱ्या रंगाची पापडी सुटून खाली पडली. त्यांनी ती उचलली, बोटांत चुरली आणि ओसरीच्या कोपऱ्यात फेकली. तिथं सकाळपासून अशा पापड्यांचा बराच साठा जमला होता.

बूट चार, पण जोड्या दोन. काळी जोडी थोरल्या धम्मानंदची. तो कन्हानकडच्या कोळसा खाणीत कामाला, म्हणून बुटांच्या पुढच्या टोकात लोखंडाची वाटी बसवलेली. पायावर दगड पडला तरी कळू नये अशी. तांबडी जोडी धाकट्या प्रेमानंदची. मोटरसायकल घेतली तेव्हा त्यानं ती हौसेनं सीताबर्डीच्या बाजारातून आणली होती. तांबड्यांनी दोन हातांत ऐकलं. काळे मात्र ऐकेनात. त्यांच्या कातड्यात वर्षानुवर्षांचं पॉलिश मुरलेलं. थिनरनं पुसलं, काचकागदानं घासलं, तरी रंग वाळला की पाहुण्यासारखा उठून निघून जाई.

मे महिन्याच्या उन्हात ओसरीसमोरून जो गेला त्यानं सल्ला दिला. एक म्हणाला चुना लावा, दुसरा म्हणाला शाळेच्या बुटांची सफेदी लावा, तिसऱ्यानं टूथपेस्टपर्यंत मजल मारली. ब्रश कोणी हातात घेतला नाही. प्रेमिलाबाईंनी प्रत्येकाला मान हलवून वाटेला लावलं आणि प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवला.

आज बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी विहारासमोर महिला मंडळाचं नाटक होतं. सिद्धार्थ गृहत्याग करतो आणि कंथक नावाचा त्याचा शुभ्र घोडा त्याला अनोमा नदीपर्यंत नेतो. घोड्याचं मुंडकं भाड्यानं आणलं होतं. खूरही मागितले होते, पण दुकानदारानं सांगितलं की ते कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगमधून परतच आले नाहीत. घोड्याचं अंग म्हणजे पांढऱ्या चादरी शिवून केलेली झूल, आणि झुलीच्या आत प्रेमिलाबाईंचे दोन मुलगे. पुढचे पाय धम्मानंदचे, मागचे प्रेमानंदचे.

ही कल्पना प्रेमिलाबाईंचीच. म्हणून आता तक्रार करायलाही जागा नव्हती.

दोघा भावांचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. भांडण कशावरून, हे आता त्यांनाही धड सांगता आलं नसतं. धम्मानंदची गाडी प्रेमानंदच्या मोटरसायकलसमोर आडवी उभी राहिली तिथून सुरुवात झाली आणि बाबांनी कोणाला काय दिलं होतं तिथपर्यंत गाडी गेली. मग त्याच बाबांनी, प्रेमिलाबाईंच्या नवऱ्यानं, लहानूजींनी, एवढ्या कष्टानं बांधलेल्या घरात मधोमध विटांची भिंत आली. ओसरी तेवढी सामाईक राहिली, कारण ओसरीत भिंत घातली असती तर कोणाचंच दार उघडलं नसतं. सुना भिंतीवरून साखर आणि वाटलेली डाळ देत-घेत. अबोला फक्त पुरुषांचा होता, आणि तो पुरुषांनी मोठ्या शिस्तीनं पाळला होता.

प्रेमिलाबाई पौर्णिमेपर्यंत थोरल्याकडे जेवत आणि पौर्णिमेनंतर धाकट्याकडे. अमावस्येला पुन्हा बदल. बदलाच्या दिवशी हमखास गोंधळ होई. आजही थोरल्या घरी वाटलं होतं की आई आज धाकट्याकडे जेवली, आणि धाकट्याकडे वाटलं होतं की थोरल्याकडे. प्रेमिलाबाईंनी दुपारी डब्यातले मुरमुरे खाल्ले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. हेही त्यांनी लक्षात ठेवलं.

त्यात एक बिल्डर वर्षभर घिरट्या घालत होता. जागा द्या, वर फ्लॅट बांधतो. थोरला हो म्हणे, म्हणून धाकटा नाही म्हणे. पुढं थोरल्याचा विचार डळमळला तेव्हा धाकट्याला फ्लॅट आवडायला लागले. दोघंही आपापलं म्हणणं आईजवळ आणून टाकत. सही तर तिचीही लागणार होती. प्रेमिलाबाईंनी दोघांनाही एकच उत्तर देऊन ठेवलं होतं: आधी तुम्ही दोघं आपसात बोला, मग माझ्याजवळ या. हे घर सोडायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण नाही म्हणण्यापेक्षा ही अट घालणं त्यांना सोपं वाटलं होतं. शिवाय त्यांना मनापासून वाटे की दोघं एकदा बोलले की भिंतच पडेल, मग घर विकायचं कोणाला सुचणार आहे?

धम्मानंद बनियनवर बाहेर आला आणि बुटांकडे पाहून त्यानं तोंड वाकडं केलं.

"आई, सोमवारी फर्स्ट शिफ्ट हाये माही. हे वापस काळे होतीन ना?"

दुसऱ्या दारात प्रेमानंद मोटरसायकल पुसत बसला होता. दोघांमध्ये हातभर अंतर.

"आई, त्याले म्हण, जमिनीखाली कोण रंग पाहून राहिलं."

"आई, त्याले म्हण, साहेब पाहते. याच्यासारखं मोकाट नाही फिरत आम्ही."

"तो बहिरा नाही," प्रेमिलाबाई ब्रश आपटत म्हणाल्या. "तूही नाही. बहिरी मीच असतो तं बरं झालं असतं."

दोघांनाही आईचं पटलं असावं, पण दुसऱ्यालाही पटलंय हे दिसताच ते घरात गेले.

तालमीत तर याहून कहर होता. मागच्या माणसानं वाकून पुढच्याची कंबर धरायची असते. प्रेमानंद म्हणाला, मी याची कंबर धरणार नाही. मग धम्मानंदच्या कमरेला ओढणी बांधली आणि तिची टोकं प्रेमानंदच्या हातात दिली. झुलीत शिरल्यावर मागच्याला काही दिसत नाही, पुढच्यानं सांगावं लागतं. पुढचा सांगे, पण आईला. आई, त्याले म्हण, डावा. आई, त्याले म्हण, थांब. प्रेमिलाबाई झुलीच्या बाजूनं चालत आणि पुढून आलेला निरोप मागं पोचवत. तोवर घोड्याचं पुढचं अंग थांबलेलं असे आणि मागचं अंग त्याच्यावर आदळे. बायका पोट धरून हसत. प्रेमिलाबाई हसत नसत. आयुष्यभर जे काम घरात केलं तेच आता घोड्याबाहेरून करायचं होतं.

नाटक बसवलं होतं प्रमोदिनीताईंनी. ताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. वस्तीत कोणाचं कोणाशी अडलं की मधे त्या पडत आणि लोक त्यांचं ऐकतही. संहितेत त्यांनी एका गोष्टीवर कोणाचं चालू दिलं नाही. सिद्धार्थ मध्यरात्री चोरपावलांनी निघून गेला, हे त्यांना मान्य नव्हतं. तो आईबापांना आणि यशोधरेला समोर बसवून, सांगून, त्यांची परवानगी घेऊन गेला. त्यामुळं घोडा येण्याआधी हा निरोपाचा मोठा प्रवेश होता. घोड्याबद्दलही त्यांनी काल स्पष्ट बजावलं होतं, की कपिलवस्तूत घोड्याबाजूनं म्हातारी चालत नव्हती. मंचावर घोडा आपला आपण चालला तर ठीक, नाही तर पुठ्ठ्याचा घोडा उभा करू.

प्रेमिलाबाईंनी काळ्या बुटांवर चौथा हात दिला. हा हात त्यांनी रागानंच दिला, आणि बहुधा म्हणूनच तो बराचसा टिकला.

संध्याकाळी मंचामागं गर्दी होती. भिक्षूंचं प्रवचन संपलं, खीरदान झालं, लोक सतरंज्यांवर बसले. पडद्यामागं एका बाजूला कंथक उभा होता. मुंडकं चढवलेलं, झूल पाठीपासून गुडघ्यापर्यंत लोंबलेली, खाली चार पांढरे बूट. मंचावर सिद्धार्थ आपल्या आईसमोर, गौतमीसमोर, गुडघे टेकून बसला होता.

प्रेमिलाबाईंना दिसलं की पुढच्या उजव्या बुटाच्या टोकावरून रुपयाएवढी पापडी गेली आहे. काळं डोळ्यासारखं बाहेर पाहत होतं. त्या डबा आणि ब्रश घेऊन मुकाट्यानं घोड्याच्या पायाशी बसल्या. सांगून उपयोग नव्हता. पाय मागं घेतला असता, तोल गेला असता. लोखंडी वाटीवर ब्रश फिरला, तो आतल्या पायाला कळलाही नाही.

"दादा."

ब्रश थांबला. हा शब्द त्यांनी त्या आवाजात दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"काय?" थोडं थांबून पुढच्या अंगानं विचारलं.

"थिनरचा वास येऊन राहिला गा. डोकं भणभणते."

"मुंडी इकडं कर. घोड्याच्या तोंडातून हवा येते."

झुलीत खुडबूड झाली. मग धाकटा म्हणाला, "बाबा असते तं तिकीट लावून दाखवलं असतं आपल्याले."

घोड्याचं पोट हललं. दोघं हसत होते, आवाज दाबून, लहानपणी पांघरुणात हसायचे तसे. प्रेमिलाबाईंनी मनगटानं नाक पुसलं. गालावर पांढरा पट्टा उमटला, तो त्यांना कळला नाही. प्रमोदिनीताईंना हात करून बोलवावं असं वाटलं, पण हललं तर हे थांबेल म्हणून त्या हलल्या नाहीत.

"ओढणी सोडतो," मागचा म्हणाला. "कंबरच धरतो. ओढणी निसटते."

"धर ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

मंचावर गौतमी रडत होती. सिद्धार्थ तिला पुन्हा पहिल्यापासून समजावत होता. प्रवेश खरंच मोठा होता.

"तो बिल्डर आला होता काय तुह्याकडं?" पुढच्यानं विचारलं.

"काल आला होता. दोन फ्लॅट म्हणते. एक तुले, एक मले. मजले वेगळे."

"आन् गाडी?"

"खाली ज्याची त्याची जागा आखून देते."

पुढच्या डाव्या बुटानं जमीन उकरली.

"देऊन टाकू काय मंग?"

"देऊन टाकू गा. रोजची कटकट. मी आधी नाही म्हणत होतो, ते तू हो म्हणत होता म्हणून."

"माह्यंही तसंच होतं."

पुन्हा पोट हललं. प्रेमिलाबाईंचा ब्रश डब्याच्या काठावर आडवा पडला होता. त्यांनी तो उचलला, काठाला निथळला, आणि बुटाच्या टोकावर जिथं रंग लावून झाला होता तिथंच पुन्हा लावायला घेतला.

"आईचं कसं?" धाकटा म्हणाला.

"कसं म्हणजे? चाललं हाये तसंच. पंधरा दिवस वर, पंधरा दिवस खाली. लिफ्ट राहते."

"ते खरं. पण तिले सांगन कोण?"

"तू सांग. तुह्यं ऐकते."

"मले नाही होत बाप्पा. तू मोठा हायेस."

"मोठा हाये म्हणून सारं मीच करू काय?"

प्रेमिलाबाईंना वाटलं, आता पुन्हा पेटणार. क्षणभर, एक आई म्हणून लाज वाटावी इतकं, त्यांना ते पेटावंसं वाटलं.

"असं करू," थोरला म्हणाला. "प्रमोदिनीताईले सांगू. उद्या दोघंही जाऊ त्यांच्याकडं. ताई आईले बरोबर सांगतीन."

"हो. हे जमते."

पलीकडून ढोलकीवर थाप पडली. पडदा बाजूला झाला. प्रेमिलाबाई डबा ओढून मागं सरकल्या. घोड्यानं डावा पाय उचलला, मागचाही त्याच क्षणी उचलला गेला, आणि कंथक प्रकाशात गेला. आदळला नाही, अडखळला नाही. कोणी डावा-उजवा म्हणालं नाही. चार पांढरे बूट एका ठेक्यात पडत राहिले आणि सतरंज्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं कोणीतरी शिट्टीही मारली.

प्रमोदिनीताई लगबगीनं आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"प्रेमिलाबाई, काय चालून राहिली वं तुमची पोरं. एक जीव, एक घोडा. बोलले वाटते."

"बोलले."

"मी म्हणत होते ना? तुमची एवढी मेहनत काही वाया जात नाही." ताईंनी पदरानं त्यांच्या गालावरचा रंग पुसायला घेतला. तो निघाला नाही, फक्त पसरला.

प्रेमिलाबाईंनी डब्याला झाकण लावलं आणि अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबलं. मंचावर कंथक अनोमेच्या काठी थांबला होता. सिद्धार्थ त्याच्या मानेवरून हात फिरवत होता आणि घोडा मान खाली घालून उभा होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "उद्या दोघं येतीन तुमच्याकडं. माह्यासाठी निरोप घेऊन."

"कसला निरोप?"

"कसला का असंना. घेऊ नका."

ताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. पुन्हा टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर ताईंनी विचारलं,

"मग काय सांगू त्यांना?"

"सांगा, आई घरीच हाये."