मनगटावरचा विंचू

औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात रूपा लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करून द्यायची. कुणाचा फेरफार अडलेला, कुणाची पेन्शन. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिनं स्वतःचाच अर्ज टाइप केला. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेल्या पुरानंतर काठच्या गावांत स्त्रियांची जी प्रेतं सापडली, त्यांचे पंचनामे मिळावेत.

त्या पुरात तिची आई सत्यभामा गेली. रूपा तेव्हा नऊ वर्षांची होती. वैजापूर तालुक्यातलं त्यांचं गाव नदीला लागूनच. पाणी वस्तीत शिरलं तशी सगळी माणसं शाळेच्या टेकाडावर चढली. सत्यभामा दोन शेळ्या सोडायला माघारी फिरली. शेळ्या पोहत आल्या. ती आली नाही, आणि तिचं प्रेतही सापडलं नाही.

बाप सांडू पोरीला घेऊन शहरात आला, वॉचमनचं काम धरलं. पण बायको मेली हे त्यानं कधी कबूल केलं नाही. भंतेजींना बोलावून मेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन करू दिलं नाही. नांदेडच्या दवाखान्यात एक बाई आहे, तिला काही आठवत नाही, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, हा पिशवी उचलून निघायचा. परत आला की दोन दिवस जेवायचा नाही. गेल्या वर्षीही असाच परभणीला जाऊन आला होता. रूपाला हे थांबवायचं होतं.

तीन महिन्यांनी पाकीट आलं. त्यातल्या एका पंचनाम्यात लिहिलं होतं: नाथसागराच्या काठी बाभळीत अडकलेलं प्रेत, वय अंदाजे तीस, चेहरा ओळखण्यापलीकडे, डाव्या मनगटावर आतल्या बाजूने विंचू गोंदलेला.

रूपा तिथंच थांबली. लहानपणी ती त्या विंचवावर बोट ठेवायची आणि आई ‘चावला बघ’ म्हणून चिमटा काढायची.

खाली आणखी दोन ओळी होत्या. ‘सदरचे प्रेत आपली बहीण झेबा हिचे असल्याचे फारूख, राहणार बिडकीन, यांनी ओळखले. प्रेत त्यांचे ताब्यात दिले.’

रविवारी ती बिडकीनला गेली. फारूखचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, मागच्या बाजूला घर. पन्नाशी उलटलेला माणूस. रूपानं कागद पुढं केला. त्यानं वाचला आणि उठून शटर अर्धं खाली ओढलं.

“तुम्ही कोण तिच्या?”

“मुलगी.”

तो परत मशीनपाशी बसला. मग म्हणाला, “ती झेबा नाय, हे मला माहीत होतं, बेटी. आमच्यात गोंदत नाहीत.”

“मग नेलं कशाला?”

“झेबा सासरच्या गावातून वाहून गेली. अम्मी अकरा दिवस पाण्याच्या काठाला बसून होती. खाईना, घरी येईना. पैठणच्या दवाखान्यात मला ते प्रेत दाखवलं. हवालदारानं विचारलं, हीच का? मी हो म्हटलं. गुसल देण्यासारखं, आंघोळ घालण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. कफन मीच बांधलं, बायकांना हात लावू दिला नाय, नायतर विंचू दिसला असता.” त्यानं कागद घडी करून परत दिला. “वाटलं, हिचं कुणी असतं तर एव्हाना आलं असतं.”

“आलो होतो,” रूपा म्हणाली. “कागदावर तारीख आहे. तुमच्यानंतर दोन दिवसांनी माझा बाप त्याच दवाखान्यात आला होता. बेवारस कुणी नाही म्हणून त्याला परत पाठवलं.”

फारूखनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एवढंच म्हणाला, “अम्मीला सांगू नका. ऐंशीच्या पुढं आहे ती.”

रूपानं घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. सांडू ओरडला नाही, रडलाही नाही. तीन दिवस नेहमीसारखा ड्यूटीवर गेला. चौथ्या दिवशी सकाळी चपला घालून उभा राहिला. “चल.” बसमध्ये म्हणाला, “त्या म्हातारीला मी तोंडावर सांगणार हाय. एकोणीस वर्षं मी दारोदार हिंडलो, ते काय उगाच?”

फारूखनं त्यांना कबरस्तानात नेलं. दगडावर झेबाचं नाव होतं. सांडू खाली बसला, तळहात मातीवर ठेवला आणि त्रिसरण म्हणू लागला. मधेच अडखळला. पुढचं रूपानं म्हटलं. फारूख बाजूला उभा होता.

उठताना सांडू त्याला म्हणाला, “दोन दिवस थांबला असतास तर.”



परत येताना फारूखची आई अख्तरीबी घराच्या दारातच बसलेली. “कौन है?” तिनं विचारलं.

“वैजापूर तरफ के हैं, अम्मी. उस पानी में इनके भी घर का गया था.”

म्हातारीनं सांडूला शेजारी बसवून घेतलं. “कौन गया, बाबा?”

“बायको.”

“मिली?”

रूपानं बापाचा दंड धरला. फारूख भिंतीला टेकला होता, खाली मान घालून. सांडू म्हातारीच्या तोंडाकडं पाहत राहिला. तिला नीट दिसत नव्हतं; ती कान देऊन बसली होती.

“मिळाली,” तो म्हणाला.

“मिट्टी हुई?”

“झाली.”

“फिर ठीक है,” अख्तरीबी म्हणाली. “मेरी भी मिल गई थी. जिनकी नहीं मिली, वो लोगां कैसे जीते होंगे?”

चहा न घेताच दोघं निघाली. स्टँडवर गाडीची वाट बघताना सांडू रस्त्याकडं तोंड करून उभा होता. मग म्हणाला, “म्हंजे तिची पोरगी अजून पाण्यातच हाय.”

 पैठणकडून आलेली बस गच्च भरलेली होती. दोघं शहरापर्यंत उभ्यानंच आली.