भार्गवी एकटी जाते

चंदना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहायला गेली आणि भार्गवीच्या आयुष्यातली अख्खी मित्रमंडळीच टेम्पोत बसून निघून गेली. सोळा वर्षांत जमलेली मैत्रीण ती एवढीच. बाकीच्या मुलींना भार्गवीचं कानात कापूस घालून वर्गात बसणं आणि आनंद झाला की हात फडफडवणं झेपत नसे. डॉक्टर म्हणायचे, "मोठी होईल तशी सुधारेल." म्हणजे त्यांनाही काही कळलेलं नव्हतं!

"मी चंदनाकडे बसनं एकटी जाणार," तिनं एक दिवस जाहीर केलं.

तिच्या आईनं, अलकाबाईंनी, हातातलं काम खाली ठेवलं. पण लेक हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "आधी चिकपेटच्या बाजारात एकटी जा. दसऱ्याला आपण बाहुल्या मांडतो, त्या पायऱ्यांवर घालायला लाल कापड आण. जमलं, तर जा खुशाल."

"सरी, जाते," म्हणून भार्गवी बसवनगुडीच्या स्टॉपवर जाऊन बसमध्ये चढली.

खिडकीतून तिला दिसलं, की आई डोक्यावरून पदर ओढून मागच्या दारानं चढते आहे. आता बेंगळुरात बायका पुढच्या दारानं चढतात, पुरुष मागच्या, हे शेंबडं पोरही जाणतं. कंडक्टर खवळलाच. "मुंदे होगम्मा!" पुढे व्हा बाई, पुढे! पुरुषांनी अदबीनं वाट करून दिली आणि आई थेट भार्गवीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन पडली.

भार्गवीची पाचावर धारण बसली. आई सोबत आहे असं ठरलं, तर 'एकटी' कुठे राहिलं? परीक्षाच बाद!

"भार्गवी, अगं..." आई ओशाळून म्हणाली.

"मी तुम्हाला ओळखत नाही," भार्गवी खिडकीबाहेर बघत म्हणाली. पुढच्या सीटवरची अक्का वळून हसायला लागली, आईलाही फिस्सकन हसू फुटलं. भार्गवीनं मात्र ओठ घट्ट मिटून घेतले.

चिकपेटमध्ये हातगाड्या, हमाल, हाका! भार्गवी भिंतीच्या कडेनं चालली. मागे पाहिलं, तर गर्दीत आई चौकात गरगर फिरत होती. या गल्ल्यांत आई आजवर बाबांच्या पाठोपाठच आली होती, एकटी कधीच नाही. तिचा चेहरा रडवेला झाला होता. भार्गवीचा जीव कळवळला. पण आधी कापड, मग आई!

तिनं दुकानात शिरून लाल कापड कापून घेतलं, पैसे दिले, आणि मग अशी धूम ठोकली की दोन हमाल बाजूला झाले.

"आई! झाली परीक्षा! आता ओळखते!"

आईनं तिला भर रस्त्यात मिठीच मारली. एरवी भार्गवीला मिठी सोसवत नाही. आज तिनं सोसली, थोडी स्वतःहूनही मारली.

मार्केटच्या स्टँडवर तिनं आईला बसवनगुडीच्या बसमध्ये बसवलं, कापड मांडीवर ठेवलं आणि स्वतः खाली उतरली.

"अगं, तू?"

"के. आर. पुरमची पलीकडे लागली आहे."

"आज? आत्ता?"

"जमलं तर जा खुशाल, असं तूच म्हणालीस."

बस हलली. अलकाबाईंनी काहीतरी अडवणारं बोलायला तोंड उघडलं आणि खिडकीतून भलतंच ओरडल्या, "उशीर झाला तर राहा गं मैत्रिणीकडे! सकाळी ये!"

भार्गवीला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ती भर स्टँडवर खदखदून हसत सुटली आणि पलीकडच्या बसकडे पळाली.