वाकड्या पंखांची चिलटं

प्रयोगशाळेला रंग द्यायचं निघालं, तेव्हा मी माझी चिलटं घरी आणली. रंगाचा वास त्यांना सोसत नाही. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच ही चिलटं. मी त्यांची अंडी आणि त्या अंड्यांतली गुणसूत्रं बघते. या वाणाच्या राखून ठेवलेल्या कुप्या कीड लागून आधीच गेल्या होत्या. म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या दोन कुप्या, एवढंच काय ते माझं इतक्या वर्षांचं काम. नवऱ्याने नाक मुरडलं. सासूबाईंनी मात्र चहा-साखरेचे डबे खाली उतरवून फळी रिकामी करून दिली.

त्यांना रस असण्याचं कारण होतं. माझ्या नणंदेचं बाळ दोनदा पोटातच गेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते की गुणसूत्रांची वाटणी चुकली. वाटणी म्हणजे काय, असं सासूबाईंनी भांडी पुसता पुसता मला विचारलं. मी सांगितलं की अंडं तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटाव्या लागतात, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. एखादी जोडी सुटलीच नाही, तर एका अंड्यात जास्त जातात आणि दुसऱ्यात कमी पडतात. माझ्या चिलटांतही असाच घोळ होतो, तो कशाने होतो ते मी शोधतेय. सासूबाईंनी फडकं खाली ठेवलं. त्या दिवसापासून मी कामाला बसले की त्या खुर्ची ओढून शेजारी येत. कुपी फ्रिजमध्ये ठेवून चिलटं गारठवायची, पांढऱ्या बशीत ओतायची, बारीक कुंचल्याने वेगळी करायची, हे सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

मग कामाची माहिती द्यायला मला परगावी जावं लागलं. जाताना त्यांना एवढंच सांगितलं, की जुन्या कुप्यांतली चिलटं ताज्या खाद्याच्या कुप्यांत उलटी करा आणि जुन्या तशाच राहू द्या. पण आमच्या सासूबाईंना एक काम सांगितलं की त्या सव्वा करतात.

परत आले तर जुन्या कुप्या लख्ख धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या, आणि सासूबाईंचा चेहरा खुललेला. नव्या कुप्यांत एकूण एक चिलट सरळ पंखांचं. त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की निम्म्याहून जास्त माल वाकडाच निघाला, पंख वर वळलेले, धड उडताही येईना. म्हणून तो निवडून काढला आणि चांगली चांगली तेवढी ठेवली.

माझं डोकंच फिरलं. आवाज चढवून मी त्यांना समजावलं, की वाकडा पंख ही खूण आहे. वाकड्या पंखांच्या चिलटात बिघाड एकाच गुणसूत्रावर असतो, आणि त्याच्या जोडीचं गुणसूत्र त्याला सांभाळून घेतं. पंख वाकडे होतात ते या सांभाळणाऱ्यामुळेच. पोरंबाळं होतात ती फक्त या वाकड्यांना. सरळ पंखवाल्यांत दोन्हीकडे बिघाड, नर असो की मादी, वंश तिथेच संपला. जुन्या कुप्यांत अंडी होती, अळ्या होत्या, त्याही गरम पाण्याबरोबर मोरीत गेल्या. तुम्ही माझं सगळं काम धुऊन टाकलंत, असंही मी म्हणाले.

सासूबाई स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, त्या रडणाऱ्यातल्या नव्हेतच. "मला वाटलं, चांगली निवडून ठेवली तर तुला लवकर काही सापडेल," त्या म्हणाल्या. "पोरीच्या उपयोगी पडेल."

राग तर होताच, पण आता तो काढायला जागा उरली नव्हती.

इतका वेळ वर्तमानपत्राआड बसलेल्या नवऱ्याने विचारलं, "आई, ती वाकडी मारलीस का?"

"मारू कशाला? गॅलरीतल्या कुंड्यांत झटकली. पंख धड नाहीत, जातायत कुठे."

मी धावलेच. खरंच, जातायत कुठे! शिवाय खत म्हणून सासूबाई कुंड्यांत केळ्याच्या साली टाकतात, म्हणजे जेवणाचीही सोय. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो. नवऱ्याच्या हातात टॉर्च, सासूबाईंच्या हातात पोथी वाचायचं भिंग. पहिल्या कुंडीवर मुंग्यांनी आधीच हात मारला होता. दुसरीत काहीच नव्हतं. तिसऱ्या कुंडीत काळ्या पडलेल्या सालीखालून एक चिलट तुरुतुरु चालत बाहेर आलं, पंख वर वळलेले. मी श्वास रोखून ते कुंचल्याने उचललं आणि सासूबाईंनी कुपी पुढे धरली.

शेवटी तीन माद्या आणि एक नर हाती लागले. कोषातून नुकतीच निघालेली, नराला अजून न भेटलेली मादी मिळावी म्हणून आम्ही चिलटांवर काम करणारे एरवी भल्या पहाटे कामावर हजर होतो. त्या दिवशी या तिघी आपल्या भावांना आधीच भेटून आल्या असतील, म्हणजे अंडी नक्की, या कल्पनेने मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला ते मोठ्याने सांगितलं. तो टॉर्च घेऊन आत निघून गेला.

मग वाट बघणं आलं. अळ्या दिसल्या, काचेवर चढल्या, त्यांचे कोष झाले. सासूबाई उठल्या उठल्या आधी कुपी बघायच्या, मग चहा ठेवायच्या. एका सकाळी मी दात घासत असताना त्यांची हाक आली.

"वाकडी आलीत गं."

तोंडात फेस तसाच ठेवून मी आले. वाकडी होती, भरपूर होती, आणि त्यांच्यात थोडी सरळही. वाण जसाच्या तसा होता. मी चिलटं गारठवून बशीत ओतली आणि कुंचला सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा वर सरकवला आणि वेगळी करायला घेतली. या खेपेला वाकडी एका कुपीत, सरळ दुसऱ्या कुपीत. टाकलं कोणालाच नाही.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी तो खांद्याने कानाशी दाबून धरला. कुंचला चालूच होता.

"नाही गं, अजून काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "पण चिलटं जगली. आता आम्ही दोघी बघतोय."