लाल खुर्चीने पाहिलेली पालकसभा

मी बालवाडीतली लाल खुर्ची बोलतेय. उंची म्हणाल तर तुमच्या गुडघ्याएवढी, पण तोरा विचारू नका! आम्ही बारा बहिणी एकाच टेम्पोतून आलो. बाकीच्या निळ्या-पिवळ्या, लाल मी एकटीच. त्यामुळे सकाळी माझ्यासाठी रोज मारामारी व्हायची.

बहुतेकदा जिंकायची ती दोन वेण्यांची एक चिमुरडी. तिला मी माझी पोर म्हणते. माझ्यावर बसून ती इतके पाय हलवायची, की माझा मागचा एक पाय पार खिळखिळा झाला. पण माझी तक्रार नव्हती हो.

महिन्यातून एकदा पालकसभा भरायची, तीही भर अकरा वाजता. कामाला जाणारे येणार कसे? जे यायचे ते आम्हा बहिणींवर गुडघे हनुवटीला लावून बसायचे. मोठ्या बाई मात्र उंच खुर्चीवर. खालून वर बघत वाद कोण घालणार? सगळे आपले "हो बाई, हो बाई" म्हणायचे. एक सुतारबाबा नेमाने येत. त्यांना ऐकू येत नसे, बोलता येत नसे. सही करून ते निघून जात. त्यांना काही सांगायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यातच माझ्या पोरीवर संकट आलं. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिची ड्यूटी बदलली, ती सकाळी नऊला सुटू लागली. आमचं फाटकही बरोब्बर नऊला बंद! तीनदा उशीर झाला की पटावरून नाव कमी, असा नियम. आणि तिसरा उशीरही झाला.

सभेला ती आई आली, माझ्यावरच टेकली. मराठी तिची मायबोली नव्हे. "बाई, फाटक... थोडं उशिरा..." एवढ्यावर ती अडली.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

लिहिता कुठे येत होतं तिला! ती मान खाली घालून उठली. तेवढ्यात सुतारबाबांनी हातांनी तिला काहीतरी विचारलं. आणि काय सांगू, तिने हातांनीच उत्तर दिलं! धुलाईघरात यंत्रांचा एवढा खडखडाट, की तिथे सगळ्या बाया हातवाऱ्यांनीच बोलतात. दोघांचे हात भराभर चालू लागले. आम्ही सगळे बघतच राहिलो.

मग ती बाईंकडे वळली. आता ती अडखळत होती, पण थांबत नव्हती. "हे म्हणतात, माझं दुकान समोर. साडेनऊपर्यंत फाटक उघडं ठेवून मी उभा राहतो. दोन वर्षं सांगतोय, कुणी बघत नाही."

"मंगळवार माझा!" एक आजोबा ओरडले.

"गुरुवारी मी," कुणाची तरी मावशी म्हणाली.

"अहो, पण हे ठरवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"आम्ही," ती आई म्हणाली. "आणि सभा संध्याकाळी."

बाई उठल्या, उंच खुर्ची बाजूला सारली आणि चक्क माझ्यावर येऊन बसल्या. "अगं बाई, गुडघे ठेवायचे तरी कुठे?" सगळी खोली खो खो हसली. "इतकी वर्षं मी तुम्हाला असं बसवलं?" त्या हळूच म्हणाल्या. पोरीचं नाव पटावर राहिलं. माझा जीव भांड्यात पडला!

सुतारबाबांनी माझा पाय पक्का केला. माझी पोर आता मोठ्या शाळेत जाते, धाकटा भाऊ मात्र इथेच आहे. तिची आई पालक समितीची अध्यक्ष आहे, आणि बसते माझ्यावरच. रंग उडालाय माझा, पण मला अडगळीत टाकू नका हं, माझं काम संपलेलं नाही.

कालचीच गोष्ट. सभा सुरू झाल्यावर एक नवी आई दाराशी घुटमळत होती. आमच्या अध्यक्षबाई उठल्या, मला उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा. आधी तुम्ही बोला."