छतावरचा तुकडा

मूत्राशयाच्या छतावरून काढलेल्या तुकड्यात प्रोस्टेटच्या ग्रंथी होत्या.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या मुखाशी, खाली असते. छताशी तिचा संबंध नसतो. पॅथॉलॉजिस्टने भिंग बदलून पुन्हा पाहिलं. ग्रंथी जागच्या हलल्या नाहीत.

तुकडा आबांचा होता. आबा याच प्रयोगशाळेत तीस वर्षं काचपट्ट्या करून निवृत्त झालेले. मेणात बसवलेल्या ऊतीचा केसाहून पातळ काप कसा घ्यायचा, हे तिला त्यांनीच हात धरून शिकवलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या मूत्राशयाच्या अस्तरात कर्करोग निघाला. चपटा, दुर्बिणीलाही बरेचदा चकवणारा. अशा रोगात निरोगी दिसणाऱ्या जागांचेही तुकडे घेतात: मुख, तळ, दोन्ही बाजू आणि छत. पाच जागा, पाच बाटल्या. औषधानंतरची ही फेरतपासणी निर्णायक होती: रोग उरला असेल, तर मूत्राशय काढून लघवीसाठी पोटावर पिशवी लावावी लागणार होती. "बाई," आबा म्हणाले होते, "पिशवी पोटात राहणार की बाहेर लटकणार, तेवढं सांगा म्हणजे झालं."

तुकडे काढणारा सर्जन तिचा सख्खा थोरला भाऊ. दादाच्या बाटल्या ती अकरा वर्षं तपासत आली होती.

तिने संशय आधी स्वतःच्या प्रयोगशाळेवर घेतला. काप तरंगवतात त्या पाण्यातून कधी दुसऱ्या रुग्णाचा कण काचेवर चिकटतो, तसं झालं असेल म्हणून खोलवरचे काप मागवले. ग्रंथी खोलवरही होत्या. बाटल्यांची अदलाबदल म्हणावी, तर एकाच बाटलीत त्या सापडायला हव्या होत्या. त्या पाचही बाटल्यांत होत्या. क्वचित कुणाच्या मूत्राशयात प्रोस्टेटची ऊती भलत्या जागी आढळते, हेही तिला ठाऊक होतं. पण पाच जागी एकदम आलेल्या अपवादाला थाप म्हणतात.

मग तिने कडा पाहिल्या. दादा विजेच्या तारेने तुकडा काढतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं जळकी हवीत. इथे दोन तुकड्यांचं एकेक टोक तेवढं जळकं होतं; बाकी सगळी टोकं पात्याने कापल्यासारखी स्वच्छ. पाचही तुकड्यांची छायाचित्रं तिने ओळीने लावली. एका तुकड्याच्या कडेशी तुटलेला स्नायूचा पट्टा शेजारच्यात पुढे चालू होत होता. केसाने गळा कापतात असं म्हणतात. इथे पातं वापरलं होतं, आणि हात सफाईचा होता.

दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात तिने दादाला त्याच्या खोलीत गाठलं. त्याने छायाचित्रं पाहिली आणि नाकारलं काहीच नाही. छतापर्यंत दुर्बीण वळवणं जिकिरीचं असतं, रक्त वाहतं, पुढचा रुग्ण दाराबाहेर खोळंबलेला असतो, असं त्याने समजावून सांगितलं. लहानपणी तिला गणितं समजावायचा, त्याच आवाजात.

"पाचही स्वच्छच आले ना, कर्करोग कुठेच नाही? मग बिघडलं काय?"

"एकच जागा स्वच्छ आली, दादा. मी ती पाच वेळा लिहिली असती."

"अकरा वर्षं लिहितेसच की. कधी विचारलं नाहीस."

ती खुर्चीवर बसली. या अकरा वर्षांत अशा किती अहवालांखाली आपली सही आहे, हे तिला त्या क्षणी आठवेना, आणि त्याला तर कधीच मोजावंसं वाटलं नव्हतं. तिचा त्याच्यावरचा विश्वास ही त्याच्या कामातली एक सोय होती.

पुढच्या खेपेला नीट घेईन, तो म्हणाला. घरातली गोष्ट घरात राहू दे, म्हाताऱ्याला उगाच कशाला घाबरवायचं, असंही म्हणाला. तिने छायाचित्रं गोळा केली. अहवाल आबांच्या हातात जाणार होता, आणि आबांना अहवाल वाचता येत होता.

निष्कर्षाचा रकाना तिने स्वतः टंकला:

"पाचही बाटल्यांतील तुकडे मूत्राशयाच्या मुखाजवळून काढलेल्या एकाच पट्टीचे आहेत. ती पट्टी नंतर पात्याने कापून पाच जागांच्या नावांनी भरण्यात आली. छत, तळ व दोन्ही बाजू यांची तपासणी झालेली नाही."