गल्ली सातची बेरीज

सकाळी गल्ली सातचा पाणीवापर निम्म्याच्या खाली आलेला पाहून भूपेंद्रला समाधान वाटले. समाधान ही त्याच्या दृष्टीने पडताळून घेण्याची गोष्ट होती. पण साहेबांची बैठक तोंडावर होती. ‘बचतीच्या आवाहनाला प्रतिसाद दिसू लागला आहे,’ असे त्याने अहवालात लिहिले आणि तो बैठकीला गेला.

शहाद्याच्या कार्यालयातून तो तापीकाठच्या गावांच्या नळयोजनेचे आकडे सांभाळत असे. घरोघरी स्मार्ट मीटर, दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर नवा आकडा. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक मोठे मीटर. त्यातून गेलेले पाणी आणि घरांच्या मीटरांची बेरीज यांतला फरक म्हणजे गळती किंवा चोरी. तो फरक त्याने वर्षभरात बराच खाली आणला होता.

गल्ली सात सारंगखेड्याच्या अलीकडच्या गावातली, त्याच्या जन्माची. बावीस घरे, सगळी एका भाऊकीची. चार वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्याने त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. चिता पेटली नाही, दहावा झाला नाही. त्यामुळे भाऊकीच्या मते त्याचे सुतक फिटलेच नव्हते. भांडण असे झाले नाही. फोन विरळ होत गेले, मग थांबले. त्याला कोणी ‘ये’ म्हटले नाही आणि ‘येऊ का’ असे त्याने विचारले नाही.

मीटर बसल्यावर मात्र तो रोज गल्लीत जाऊ लागला. कोणाकडे माहेरवाशीण आली, कोणी कपडे धुण्याचे यंत्र घेतले, कोण शेतावर मुक्कामाला आहे, हे त्याला कार्यालयात बसून कळे. उजाडायच्या बेताला पहिला आकडा येई तो चुलतभाऊ चंदनच्या घरचा, दोन बादल्यांचा. ती चंदनची आई, सुंदर जिजी. थंडी असो की ताप, गल्लीत पहिले पाणी तिच्या अंगावर पडे. भूपेंद्रची आई लवकर गेल्यामुळे बरीच वर्षे दुसरे पाणी त्याच्या डोक्यावर पडत असे, तेही जिजीच्याच हाताने. या पाहण्याला तो देखरेख म्हणत असे.

आज तो पहिला आकडा आलाच नव्हता. सिग्नल गेला असावा, असे त्याने धरले होते.

दुपार कलल्यावर स्वप्नाली खुर्चीवरून उठली. नियंत्रणकक्षात ती आणि तो, दोघेच असत.

“सर, गल्ली सात! एकदम चौपट. सकाळी बचत म्हणत होतात ना? घ्या बचत!”

“किती वेळ?”

“दुसरा आकडा आला आत्ताच. नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह बंद करू? पाइप फुटलाय नक्की.”

लागोपाठ दोन आकडे तिपटीच्या वर गेले की गल्लीचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, चौकशी नंतर, हा नियम भूपेंद्रनेच घातला होता. टाकी आधीच अर्ध्यावर होती. स्वप्नालीचे बोट बटणापाशी थांबले होते.

“थांब. बेरीज बघ.”

बेरीज जुळत होती. पाइप फुटला असता तर फक्त मोठे मीटर धावले असते. इथे बावीसही घरांचे मीटर एकदमच चढले होते. पाणी कुठेही वाया जात नव्हते. ते न्हाणीघरांत जात होते.

भूपेंद्रने सकाळचा आलेख पुन्हा उघडला आणि या वेळी तो नीट वाचला. गल्लीत मयत असेल तर तिरडी उठेपर्यंत भाऊकीत चूल पेटत नाही, धुणे निघत नाही, कोणी न्हात नाही. तिरडी उठली की बाया घर धुतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. सकाळी त्याने जिला बचत म्हटले होते ती बचत नव्हती. आणि आता पाणी सुटले होते, त्या अर्थी देह गल्लीतून गेला होता.

“व्हॉल्व्हला हात लावू नकोस,” तो म्हणाला आणि गावच्या पाणीवाल्याला, नवलला, त्याने फोन लावला.

“नवलभाऊ, गल्लीमा कोन गयं?”

पलीकडे गलका होता. “भूपा? तुले कोनी सांगं नही?”

“कोन गयं?”

“सुंदर जिजी. पहाटेच. आते तिले लई गयात घाटवर, मीबी तठेच शे.”

“माले काबर सांगं नही?”

“आते काय सांगू भाऊ…” नवल रागावला नव्हता, ओशाळला होता. “फोन लावू नका, असं कोनी म्हनं नही. ज्याले त्याले वाटनं, दुसरानी लावा व्हई. आनि कोनीच लावा नही.”

“येऊ का मी?”

“थांब. मी चंदनभाऊले इचारस आनि तुले फोन करस.”

भूपेंद्रने फोन मेजावर उताणा ठेवला. चार वर्षे न विचारलेला प्रश्न अखेर त्याने विचारला होता. आता उत्तराखेरीज दुसरे काम नव्हते.

“सर, कारण काय टाकू?” स्वप्नालीने हळूच विचारले.

“गळती नाही. वापर.”

तिने तेवढेच भरले. घरी जाताना ती दाराशी रेंगाळली. “मी थांबू का, सर?”

“नको. फोन यायचाय.”

दिवेलागणीला आलेख दुसऱ्यांदा चढला. पुरुष घाटावरून परतले होते. एकेक घर चढत गेले. चंदनचे सर्वांत शेवटी. मग रेघ खाली आली आणि स्थिर झाली. त्या गल्लीत आज कोणाचे न्हायचे राहिले नव्हते. फोन वाजला नाही.

भूपेंद्रचा मुक्काम कार्यालयामागच्या खोलीत होता. तिथेही मीटर होते, चाचणीसाठी बसवलेले. सुतक ही मोजता येणारी गोष्ट नाही आणि पाण्याने ती धुतली जात नाही, याविषयी त्याचे मत आजही बदललेले नव्हते. त्याने बादली भरली आणि गार पाणी डोक्यावरून घेतले. मग आणखी एक बादली.

ओल्या केसांनीच तो पडद्यापाशी परतला. त्याच्या खोलीचा आकडा येऊन पडला होता: दोन बादल्या. त्याने आपले मीटर गल्ली सातच्या गटात ओढून ठेवले. यादीत तेवीस घरे झाली, आणि लगेच पडद्यावर तांबडी खूण उमटली. बेरीज जुळत नव्हती. घरांचा वापर गल्लीत गेलेल्या पाण्याहून दोन बादल्यांनी जास्त भरत होता. त्या गल्लीच्या पाइपातून ते पाणी कधी गेलेच नव्हते.

खूण बंद करून ठेवता आली असती. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपले मीटर गटातून काढले. बेरीज जुळली.